फिकट रेघ

वाडीच्या ट्रान्सपोर्ट यार्डात, पत्र्याच्या खोलीत
सकाळी सहाला मी कप मांडते.
निळी झाकणं. पेनाला दोरा बांधलाय,
तरी या महिन्यात तिसरं गेलं.

नळ बंद ठेवायचा, अशी कंपनीची सूचना.
बादलीत रंग टाकायचा, कुणी पाणी मिसळू नये म्हणून.
दार अर्धं लोटलेलं. मी पाठमोरी,
अमरावती रोडकडे तोंड करून
परक्या माणसांची धार ऐकत उभी.
डीएमएलटीला हे कुणी शिकवलं नव्हतं.

एकाने काखेत बाटली आणली, पुतण्याची.
कपावरची पट्टी म्हणाली, गार.
"हवाच गार सुटली ना मॅडम," तो म्हणाला.
रांग हसली. मीही हसले,
आणि त्याचं नाव लाल पेनाने लिहिलं.

मग रौफभाई, रायपूरहून, एकतीस तास जागे.
कप हातात, भिंतीला टेकले
आणि तिथेच डोळा लागला.
त्यांची रेघ ठसठशीत. शिक्का: फिट.
जागरणाची पट्टी
कंपनीने अजून मागवलेली नाही.

त्यांच्यामागे सोनकुसरे मनीराम,
वय एकेचाळीस, गॅसचा टँकर.
बाप गोळीबार चौकात मागावर बसायचा,
हे न विचारता सांगितलं. आणि हेही:
"मॅडम, नागद्वारले गेल्तो. डोंगरावर चिलम फिरली.
देवाच्या दारात नाही कसं म्हनाव?
सव्वीस दिवस झाले. वर्षातून एकडाव.
स्टेअरिंगवर कधीच नाही, पोराची शपथ."

मी शपथा ऐकत नाही. पट्टी बुडवते.
पाच मिनिटं.

या पट्टीची रीत उलटी:
रेघ उमटली तर माणूस सुटला,
जागा कोरी राहिली तर अडकला.
नशा उतरते काही तासांत,
पण चरबी आठवण धरून बसते, कधी महिनाभर,
बंद घरात धुराचा वास राहतो तशी.
फक्त, वर्षातून एकडाव ओढणाऱ्याची चरबी
इतकं लक्षात ठेवत नाही.
हे मात्र शिकवलं होतं.

पहिली रेघ आली. ती सगळ्यांना येते.
दुसरीच्या जागी काहीतरी होतं.
ट्यूबलाइटखाली नव्हतं. खिडकीशी होतं.
चष्म्याशिवाय रेघ,
चष्म्यातून कागदाची सुरकुती.
पुस्तिकेत छापलंय: फिकट असली तरी रेघ ती रेघ.
कुणाच्या डोळ्यांनी, ते छापलेलं नाही.

"काऊन मॅडम, इतका वेळ?"
बाकावर बसून तो चपलेचा पट्टा
काढत होता, लावत होता.

काल इतवारीतून मारबत गेली.
पोरीला खांद्यावर घेऊन मी ओरडले होते
सगळ्यांबरोबर, घसा बसेपर्यंत:
इडा पिडा घेऊन जा गे मारबत.
कोणती, ते सांगायचं राहून गेलं.

सुपरवायझर दारातून म्हणाला,
तीन गाड्या भरून उभ्या आहेत, आटपा.
त्याच्यासाठी नाही आटपलं.
तरी आटपलं.
शिक्का नेहमीपेक्षा हलका उमटला,
म्हणून दुसऱ्यांदा मारला.

संध्याकाळी शाळेतून पोरीला घेऊन निघाले.
वाडी नाक्यापुढे आरशात
एक टँकर मोठा मोठा होत आला.
"आई, डावीकडे घे ना."
घेतली. अगदी मातीपर्यंत.
तो गेला, एकदाच हॉर्न देऊन,
सरळ, आपल्या पट्ट्यात.
आमची ओढणी, आमची स्कूटी, दोन्ही थरथरली.
मागचा नंबर वाचता आला असता.
मी पोरीचं दप्तर नीट करत बसले.