जात कोणती

आगारातला शेवटचा गल्ला मोजून होतो
तोवर नवापूरची गाडी लागून, रिकामी होऊन, झोपलेली असते.
मी भाडणे रस्त्याने घरी येते.
टॉर्च डाव्या हातात, किल्ली उजव्या,
वळणापासूनच बोटं कुलुपाच्या मापाची झालेली.

गेल्या महिन्यात कुणीतरी माझ्या फाटकाची कडी
वाजवली नाही, नुसती उचलून पाहिली.
सकाळी ती उलटी पडलेली होती.
एवढंच. चौकीत सांगावं असं काही नाही.

बेडसे कंडक्टरला सांगितलं मात्र,
दुपारपर्यंत अख्ख्या आगाराला माझ्यासाठी कुत्रा हवा होता.
बेडसे म्हणे डॉबरमन. त्याच्या साडूकडे होता,
साडूलाच चावला, पण ती गोष्ट वेगळी.
वर्कशॉपातले सलीमचाचा म्हणे जर्मन शेफर्ड,
फक्त मे महिन्यात त्याला कूलर लागेल.
चाचा, मला स्वतःला घ्यायचाय अजून.
नाशिकहून गोकुळने फोटो धाडले रॉटवायलरचे,
मान पाण्याच्या हंड्याएवढी, किंमत माझे दोन पगार.
आणि शेजारच्या इंदूबाई, पापड वाळत घालता घालता:
लॅब्रॅडॉर घे, गरीब असतो,
चोर आला तर निदान त्याला पाणी तरी विचारेल.

गुरांच्या दवाखान्यात देवरे डॉक्टरांनी विचारलं, वजन किती?
कुणाचं?
तुमचं. चाळीस किलोचं जनावर ओढायला लागलं
तर साखळीचं कोणतं टोक कुणाला फिरवणार, ते बघायला हवं ना.
मग म्हणाले, तुम्ही दिवसभर खिडकीत बसणार.
तो एकटा काय करेल?

हे मला सुचलंच नव्हतं,
की मी घरात आणखी एक एकटं आणतेय.

भीती कशाची वाटते ते लिहून आणा, म्हणाले, मग जात सांगतो.
रात्री तिकिटाच्या कोऱ्या रोलवर लिहिलं: कडी.
खाली लिहिलं: न्हाणीत पाय घसरला तर.
खाली: रविवार.
मग तो कागद डॉक्टरांना दाखवण्यासारखा राहिला नाही.

कान नदीच्या पलीकडे, बाजरी निघालेल्या वावरात
धुडकू ठेलाऱ्याच्या मेंढ्या बसल्या होत्या,
वर पवनचक्क्या, खाली लेंड्यांचा उबट वास.
कडब्याच्या आडोशाला कुत्री, तिला पाच पिल्लं.
मी विचारलं, जात कोणती?
आणि माझ्याच तोंडून मला ऐकू आले
ते सात घरमालक,
डिपॉझिट पर्समध्ये घेऊन मी उंबऱ्यात उभी असताना
'आम्ही तसं काही मानत नाही, पण' म्हणणारे.

धुडकू तंबाखू मळत होता.
"जात काय ईचारस, बहीन? माय दख.
लांडगाले तीन डाव पयाडं तिनी."
मग थोडा थांबून,
"भुकस कमी. दखस जास्त."

मायने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ.
मुलाखतीला एवढा वेळ महामंडळानेही घेतला नव्हता.

पिल्लाचे पैसे घेत नाहीत म्हणाला, चहापत्तीचा पुडा घेतला.
एक कान उभा, दुसऱ्याचं अजून ठरायचंय.
तिकीट मशीनच्या खोक्यात बसून घरी आलं,
कळण्याची भाकरी दुधात कुस्करून दिली तर दूध तेवढं प्यायलं,
आणि रात्री दोनला
मायच्या नावाने रडायला लागलं.

अकरा वर्षांत, एकदा आतून कडी लावल्यावर
मी ती उजाडेपर्यंत काढलेली नाही.
काढली.
अंगणात उतरले, अनवाणी, टॉर्च विसरून.
डोंगरावर पवनचक्क्यांचे लाल दिवे
एकदम लागत होते, एकदम विझत होते.
काळोख मला वाटला होता तेवढा गच्च नव्हता,
आतून पाहत होते म्हणून असेल.

इंदूबाईंच्या गच्चीवरून आवाज आला,
"कोन शे?"
"मी शे."
"आनि आखो कोन शे?"

मी वळून पाहिलं.
ते फाटकाच्या कडीखाली मुतत होतं,
सावकाश,
सातबाऱ्यावर नाव लागल्यासारखं.