मधला काटा

दिलावर मुल्लाणीनं किल्ली हातात ठेवली
आणि स्कूटरला किक मारून गेलासुद्धा.
टायर बदललेत, एसी तेवढा कुरकुरतो, सगळं सांगितलं होतं त्यानं.
मीटर मधोमध आहे, हे सांगितलं नाही.
किंवा सांगितलंही असेल,
मी पाच हजार कमी करण्यात गुंतलो होतो.

स्टिअरिंगच्या मागं, जिथं काटा हवा,
तिथं एक काळं झाकण.
भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला दिल्यावर
माणूस नुसत्या खिळ्याकडं बघतो वेळ विचारायला,
तसा बघत राहिलो
तावडे हॉटेलपासनं कावळा नाक्यापर्यंत.
मान खाली: झाकण.
मान डावीकडं: काटा.
मग रस्ता, आणि रस्त्यात म्हैस,
गंगावेशीला धार देऊन परतणारी.
तिला घाई नव्हती. मीटरही नव्हतं.

बावीस वर्षं लेथवर आहे मी, उद्यमनगरात.
डायल नाकासमोर लागते मला.
मिलिमीटरचा शंभरावा भाग डोळा सरळ धरून वाचायचा,
हे अण्णा पांचाळांनी टपल्या मारून शिकवलं.
"तिरकं बघशील तर तिरकंच दिसंल रं."
आणि आता पंचेचाळिशीत
तिरकं बघायची उमेदवारी.

जोतिबाला निघालो तेव्हा रत्नमाला पहिल्यांदा शेजारी बसली.
भावाच्या गाडीत तिच्या वाट्याला
रुमाल ठेवायचा कप्पा यायचा.
इथं काटाच अर्धा तिचा.
वडणग्याच्या फाट्यावर म्हणाली, "चोपन्न."
मी म्हणालो, "अठ्ठेचाळीस."
"माझं डोळं काय फुटल्यात?"
"मग माझं फुटल्यात?"
पुढं उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, शेवटी लाल फडकं.
त्याच्या मागं सगळ्यांचा आकडा एकच, वीस.
केर्लीपर्यंत कुणी बोललं नाही.

येताना पुन्हा तेच.
चोपन्न. अठ्ठेचाळीस.
मागनं ईश्वरीनं दोन सीटच्या मधे तोंड घातलं,
गालात खोबऱ्याचा तुकडा,
"एक्कावन्न हाय की! कशाला भांडताय?"

काटा चकतीला चिकटलेला नसतो,
शेंगदाण्याएवढा पुढं असतो.
उजवीकडनं बघणाऱ्याला कमी सांगतो,
डावीकडनं बघणाऱ्याला जास्त.
शेडमधल्या पोरांना मी हे रोज ओरडून सांगतो.
घरी कधी आणलं नव्हतं.
खरा आकडा हँडब्रेकवर बसणाऱ्याला दिसणार,
आणि तिथं कोण बसतंय,
नऊ वर्षांची एक हनुवटी सोडली तर.

झाकण उघडतं, हे दीड महिन्यानं कळलं.
आत लॉन्ड्रीची चिठ्ठी:
सौ. उपाध्ये, दोन साड्या, रोल प्रेस.
म्हणजे त्या घरातही कुणीतरी
इथं बघून बघून शेवटी काहीतरी ठेवून दिलं.
मी ती काढली नाही.
वर टोलची नाणी ठेवली.

रात्री रंकाळ्याच्या कडेनं येतो कधी.
पूर्वी हिरवा उजेड माझ्या शर्टाच्या बटणांवर पडायचा,
आता गिअरवर पडतो,
माझ्या हाताच्या शिरांवर थोडा
आणि तिच्या बांगड्यांवर थोडा जास्त.
माझ्यापुढं अंधार,
आणि त्यात रस्ता आधीपेक्षा नीट दिसतो,
हे मी अजून कुणाला कबूल केलेलं नाही.

परवा तात्याचा टेम्पो घेऊन
गोकुळ शिरगावला कास्टिंग पोचवायला गेलो.
मीटर अगदी नाकासमोर, शहाण्यासारखं.
मान डावीकडं वळली.
तिथं मारुतीचा फोटो आणि जळलेली उदबत्ती.
शेजारच्या सीटवर नटबोल्टचं पोतं बसलं होतं.
"चोपन्न असंल," मी त्याला म्हणालो,
आणि पाय जरा उचलला.