बियाणे कक्षाची किल्ली

अर्ज मीच लिहिला, कारण पाचजणींत मराठी माझी बरी.
सेलूच्या शाळेत शुद्धलेखनाला पैकीच्या पैकी,
‘ळ’ तर असा काढायचे की बाई फळ्याजवळ बोलवायच्या.
‘माननीय महोदय, वसतिगृहात एक लहान खोली,
नमाजसाठी, निदान रमजानपुरती...’
खिडकीतले देशमाने साहेब माणूस चांगले. म्हणाले,
नमाज खोडा, ध्यानधारणा लिहा,
आठ दिवसांत सही आणतो.
मी पेनाचं टोपण काढलं.
परत लावलं.
अर्ज तसाच गेला, आणि तिथे तसाच राहिला.

मार्च. परभणीचं ऊन
तोंड धुवायच्या आधी दारात.
मेस उघडते साडेसातला, सहरी संपते सव्वापाचला.
अनुसयाबाई रात्रीच दोन भाकरी फडक्यात बांधून
खिडकीच्या गजाला अडकवायच्या, सोबत ठेचा,
एक दिवस न सांगता चार खजूर, वर्तमानपत्रात.
त्यांचा तेव्हा सोमवार होता. विचारलं,
थुंकीसुद्धा गिळायची नाही म्हणतात, खरं का गं?
गिळायची असते, मावशी.
मग बरंय, म्हणाल्या,
जशी काही त्यांचीच काळजी मिटली.

अम्मीचा फोन साडेचारला:
‘उठी क्या? पेट भर को खा. पानी जास्ती पी.’
शेजारच्या खाटेवरून, डोळे मिटलेलेच, प्राजक्ता:
‘उठलीय, चाची! मीच उठवली!’
खोटं. रोजचं.

मुलं जुम्म्याला सायकली काढून गावात जायची.
आमचं प्रात्यक्षिक एक ते तीन, मातीचा सामू मोजणं.
एकदा खळ्यामागे, पोत्यांच्या सावलीत
ओढणी अंथरलेली गव्हाणे मामांनी पाहिली,
आणि न खाकरता निघून गेले.
दुसऱ्या दिवशी हातात पितळी किल्ली.
‘एक ते दीड मी जेवायला जातो. कक्ष बंद असतो.’
थोडं थांबून,
‘बंद म्हणजे बंदच असतो.’

आत ज्वारीचा वास, बारीक कोंडा, थंडावा,
प्रत्येक पिशवीवर वाणाचं नाव, साल, ओलावा टक्के.
प्राजक्ता सर्वेक्षणाचा कंपास घेऊन आली,
एक डोळा मिटून, भारी गंभीर:
दोनशे ऐंशी अंश. भिंतीवर खडूने बाण.
खाली लिहिलं, चूक निघाली तर मी जबाबदार नाही.

खरं सांगायचं तर
काही दिवस मी तिथे नुसती बसायचे.
वुजूचं पाणी कोपरावर वाळायचं,
ओठांवर आलेली आयत अर्ध्यात सुटायची,
डोक्यात घरचं, शिष्यवृत्तीचं, भावाच्या गप्प राहण्याचं.
शेजारी उगवणीच्या चाचणीचे
शंभर शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळलेले.
त्यांना कुणी विचारत नव्हतं, झालं का?
सातव्या दिवशी उघडायचे, मोजायचे,
जे उगवले नाहीत त्यांचाही वेगळा रकाना असायचा.
त्या रकान्याकडे मी जास्त वेळ बघायचे.

अर्जाचं उत्तर दुसऱ्या वर्षी आलं.
‘त्रुटी: कारण स्पष्ट करावे.’
मी कागद घडी करून
‘मृदाशास्त्र’च्या पुस्तकात ठेवला, पान आठवत नाही.

मुबश्शिरा, मानवतची आहेस म्हणे.
किल्ली डावीकडे अर्धी फिरव, मग जरा उचल.
पंखा लावू नकोस, कोंडा उडतो, सजद्यात शिंका येतात.
दीडच्या आत नीघ. मामा दारापाशी आधीच येतात,
पण चपला घासत घासत, मुद्दाम.
अनुसयाबाईंना सोमवारी साबुदाणा विचार, बरं वाटतं त्यांना.
आणि रंगकाम काढलंय म्हणे यंदा.
बाण चुन्यात गेला
तर प्राजक्ताला फोन कर,
जालन्याला असते. कंपास परत केलेला नाही तिने.