भिंतीवरचं बी

गीझरच्या वर, भिंतीला चिकटलेलं,
भोपळ्याच्या बीएवढं. नाही, लहान.
काकडीचं म्हणू.
राखाडी, दोन्हीकडे निमुळतं, मधे जरा फुगीर.
सिमेंटचा उडालेला शिंतोडा समजून
मी त्याच्यासमोर दोन वर्षं आंघोळ केली असेल.
मंगळवारी ते चार बोटं डावीकडे होतं.

मालनला विचारलं. ती म्हणाली, ‘असतंय ते.’
पेस्ट कंट्रोलचा इलाही पाठीवरची टाकी न उतरवताच म्हणाला,
‘मॅडम, झुरळाचं पॅकेज आहे, वाळवीचं आहे,
ढेकणांचं आहे.
याचं नाही.’
खालच्या मजल्यावरचे सबनीस सर, तीस वर्षं प्राणिशास्त्र,
फोटो लांब धरून, जवळ धरून बघत राहिले
आणि शिंक यावी तसं एक लॅटिन नाव म्हणाले.
मराठीत?
‘मराठीत याला कुणी हाक मारलेली दिसत नाही.’

म्हणजे कसर नाही, पोरकिडा नाही,
रव्यात जाळी करते ती अळी नाही.
पिसू, गोचीड, लीख, चिलट, घुंगुरटं,
जे चावलं, ज्यानं आपलं खाल्लं,
त्यांना आपण नावं ठेवली,
दोन्ही अर्थांनी.
हे चावत नाही. कोळ्यांनी सोडलेली जाळी खातं म्हणे,
आणि गळलेलं काहीबाही.

रात्री बाबांचं भिंग काढलं,
लक्ष्मी रोडवरच्या त्यांच्या घड्याळांच्या टपरीतलं.
डोळ्यात चिमटून धरायचं. मला कधी जमलं नाही;
पडायचं, आणि ते म्हणायचे, भुवई आवळ, गाल वर घे,
श्वास सोडू नकोस काट्यांवर.
‘स.न.वि.वि.’ एवढंच लिहून राहिलेल्या
एका पोस्टकार्डावर मी ते बी उचललं, दिव्याखाली आणलं.

बी नव्हतं. पिशवी होती, विणलेली,
दोन्ही टोकांना दार.
भुवई दुखेपर्यंत वाट बघितली.
मग एका दारातून तपकिरी डोकं, सहा पाय;
शाईच्या पूर्णविरामाशी अडखळलं, आत गेलं.
आतल्या आत वळलं असावं,
कारण दुसऱ्या दारातून तेच डोकं.

पिशवीला काय काय लावलेलं.
वाळू.
मेट्रोचे खांब उभे राहत होते तेव्हा
कर्वे रोडवरून या तिसऱ्या मजल्यापर्यंत आलेली करडी पूड.
फिकट हिरवी कपची: या खोलीचा कुठला तरी जुना रंग,
आमच्या आधीच्या लोकांचा, किंवा त्यांच्याही आधीचा.
रांगोळीचे दोन दाणे, एक जांभळा.
आणि आडवा गुंडाळून घेतलेला एक केस,
अर्धा काळा, अर्धा पांढरा.

तो मे मला आठवतो.
डाय आणायचा राहिला, मग मुद्दाम राहू दिला.
कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

सकाळी सरांनी चिठ्ठी पाठवली, स्पेलिंग नीट लिहून.
ती फ्रिजवर लावली आहे.
बी पुन्हा गीझरच्या वर.
मालनला म्हटलं, ती भिंत झाडू नकोस.
‘का वो?’
सांगता येईना.
म्हटलं, ‘असतंय ते.’