तळाची जागा

देवळाली कँपात लछमनदासच्या दुकानात
छताला उलट्या टांगलेल्या असतात
तोफखान्यातून निवृत्त झालेल्या पाठपिशव्या.
एकेक उतरवून मी आत तोंड घातलं, वास घेतला.
बुटाचं पॉलिश, बुरशी, कुणाचा तरी घाम.
चेनची नको, म्हटलं. चेन आवाज करते.
"शिकारीला जाता काय, शेठ?"
तसंच काहीसं.
त्यानं माझी ऑइलनं काळी झालेली नखं पाहिली
आणि शंभर रुपये आपणहून कमी केले.

पहिल्या खेपेला, हरसूलच्या पुढे, सागाच्या रानात
रावजी भोयेंनी ती पिशवी एका हातानं तोलली
आणि वाटेवरच उपसून काढली.
दोन चादरी. स्टो. बिस्किटांचे सहा पुडे.
चिवड्याचा स्टीलचा डबा,
आणि त्याला येऊन धडकणारी माझी पक्कड,
जिचा टणटणाट म्हणे नाल्यापलीकडे ऐकू जात होता.
"दादा, लग्नाला निघाले का तुमी?"

मग त्यांनीच भरून दाखवली.
पाणी पाठीला चिकटून, दोन खांद्यांच्या मधोमध,
म्हणजे चढावर मागून कुणी ओढल्यासारखं होत नाही.
नागलीची भाकरी फडक्यात. चिवडाही फडक्यात,
डबा गेला करवंदीखाली, येताना घ्यायला.
काड्यापेटी फुग्यात घालून गाठ.
टॉर्चमधला एक सेल उलटा,
नाहीतर ती आतल्या आत जळत राहते
आणि ऐन वेळी डोळे मिटते.
कटर उजवीकडे, बाहेरच्या खिशात, मूठ वर.
नजर फासावर असते तेव्हा हाताला तो न शोधता सापडला पाहिजे.

तळाशी मात्र वीतभर जागा त्यांनी तशीच सोडली.
मी टॉवेल कोंबायला गेलो, तर हात धरला.
"येताना लागंल ती.
माझा बाप पण सोडायचा. त्याला सशासाठी लागायची."

फासे आम्ही गुडघे टेकून शोधतो.
उभ्या माणसाला ते दिसतच नाहीत,
जनावराच्या उंचीवरून दिसतात.
वनरक्षक मंगला बागूल वहीत आकडे लिहितात,
त्या दिवशी अकरापर्यंत आल्या होत्या.
बारावा पाणवठ्याच्या वाटेवर, दोन बुंध्यांमध्ये.
क्लचची वायर.
द्वारकेजवळ गॅरेज आहे माझं, वायर कळते मला,
कुठल्या गाडीची, किती पावसाळे चाललेली.
या वायरीच्या टोकाला निळ्या रंगाचा ठिपका होता.

तो ठिपका मीच लावतो.
गिऱ्हाईक गॅरंटीवरून भांडू नये म्हणून
माझ्या हातच्या प्रत्येक वायरीला.

आठवलं मग. उन्हाळ्यात एक पोरगा आला होता,
जुन्या वायरी नेऊ का, शेठ? कुंपणाला.
ने की, म्हटलं होतं.
वर सुतळीनं मोळीही बांधून दिली होती.

फासात जनावर नव्हतं. चार केस होते, तांबूस.
रावजींनी ते तळहातावर घेतले. "भेकर. सुटलं."
सुटलं कसं, कुठवर गेलं, मी विचारलं नाही.
त्यांनी वायरीवरून अंगठा फिरवला,
ठिपक्यापाशी थांबले.
"रंग चांगला धरलाय," एवढंच म्हणाले,
आणि गुंडाळी करून माझ्याच पिशवीत, तळाशी ठेवली.

उतरताना ती वीतभर जागा
पाण्याच्या सगळ्या बाटल्यांहून जड होती.
हे मी मंगलाताईंना अजून सांगितलेलं नाही.
वहीत बाराव्या आकड्यापुढे नुसतं लिहिलंय, वायर, जुनी.

आता गॅरेजात निघालेली प्रत्येक वायर
मी बोटाएवढे तुकडे करून भंगारात टाकतो.
पोऱ्या विचारतो, किलोला भाव तोच मिळतो ना, मग कशाला?
मी म्हणतो, पाना दे.

उद्या वाघेऱ्याच्या बाजूला जायचंय.
पाणी भरलं, भाकरी बांधली, सेल उलटा केला.
तळाच्या कापडावर गंजाचे गोल डाग पडलेत,
धुतले तरी जात नाहीत.
दाराशी ठेवली तर पिशवी उभी राहत नाही,
खाली रिकामी असल्यानं सारखी कलंडते.
भिंतीला टेकवली.