पाचपैकी सहा

शुक्रवारी शेवटच्या दोन तासांना मी अर्थशास्त्र शिकवत नाही,
पडदा लावते.
पीटरहेडच्या बंदरात आज बोटी बांधलेल्याच,
समुद्रावरचं धुकं खिडकीला नाक लावून उभं,
आणि तेवीस मुलं, ओल्या कोटांसकट, अंधारात.

कार्टूनमध्ये पफिन पक्ष्यांचं एक बेट आहे.
तिथे कवडी हेच नाणं.
एका कवडीला मासा, दोन कवड्यांत पिसांची उशी,
म्हाताऱ्या सीलकडून वादळाचा अंदाज हवा, तर तीन.
मग ब्रॉगीला, सगळ्यात गोल पिल्लाला,
एक गुहा सापडते, छतापर्यंत कवड्यांनी भरलेली.
बेटभर नाच. ढोल. जो तो श्रीमंत.
सकाळी मासा एका कवडीला,
दुपारी टोपलीभर कवड्यांना,
संध्याकाळी सील म्हणतो,
कवड्या ठेव तुझ्याकडे, उशी असेल तर बोल.

मी इथे थांबवते. ब्रॉगीची चोच उघडीच राहते.
"कवड्या वाढल्या. मासे वाढले का?"
"नाही, मिस."
फळ्यावर लिहिते: चलनवाढ.
कवडीमोल हा शब्द जास्त बरा होता,
पण तो परीक्षेत चालत नाही.

सॉर्ली हात वर करत नाही, नुसता बोलतो:
"हॅडॉकचंही तसंच. सगळ्या बोटी एकदम आल्या
की बाबा लिलावातून गप्प घरी येतात.
जाळं फाटेस्तोवर मासा,
आणि आई एकेका खोलीतला दिवा मालवत फिरते."
मी म्हणते, तो वेगळा धडा, पुरवठ्याचा.
तो म्हणतो, घर तेच आहे, मिस.

पुढे चालू.
खोल पाण्यात माशांचा थवा आलाय, वर्षातून एकदाच येतो.
ब्रॉगीची आई आज रात्री गेली नाही, तर हिवाळा रिकामा.
आणि आज रात्रीच ब्रॉगी
कड्यावरून पहिली झेप घेणार.
आई कड्याकडे बघते. पाण्याकडे बघते.
इथे मी पुन्हा थांबवलं. आरडाओरडा झाला.
वीस मिनिटं राहिली होती, तरी कागद वाटले:
संधी-खर्च म्हणजे काय? उदाहरण द्या. गुण पाच.

रात्री चहा गार होईपर्यंत तपासत बसले.
बहुतेकांनी पिझ्झा की बर्गर लिहिलं.
एकाने लिहिलं: हा कागद, किंवा झोप.
(त्याला चार.)

ऑस्टेयाचं अक्षर मुंगीएवढं.
तिची आई लिथुएनियाहून इथे आली,
कारखान्यात माशांचे काटे काढते.
ती लिहिते:
"शनिवारी दीडपट मजुरी मिळते.
शाळेचं नाटक शनिवारीच होतं. मी तिसरं झाड होते.
झाडाला बोलायचं नव्हतं,
म्हणून मीच आईला म्हटलं, जा.
नवे बूट आले. आतून गरम आहेत.
पडदा उघडल्यावर मी तरी पहिल्या रांगेत पाहिलं.
तेवढंच."

व्याख्या नाही. नियमाने दोन गुण कापायचे.
मी पाच दिले. मग खोडून सहा.
मग हात थांबला:
लाल शाईला माझं जातंय काय?
गुहाभर गुण आहेत माझ्याकडे,
वाटत सुटले तर सोमवारपर्यंत
एका गुणाला कुणी खोडरबरही देणार नाही.

पाचच ठेवले. खाली लिहिलं:
सोमवारी आधी उरलेली वीस मिनिटं बघू.
मागणी-पुरवठा
बर्फावर ठेवते, एक दिवस टिकेल.