दुखतंय म्हणजे नेमकं कसं

अँब्युलन्स सात मिनिटांत आली
आणि मग पन्नास मिनिटं हललीच नाही.
आत दिवा, आत एडिनेया, गुडघे पोटाशी घेऊन.
बाहेर मी, पायांत घाईत चढवलेल्या तिच्याच सपाता,
आणि हमामात्सुचा तो कोरडा, हाडांत शिरणारा वारा.

हेल्मेटवाला मुलगा फोनवर बोलताना कमरेत लवत होता,
पलीकडचं माणूस दिसत नसताना लवत होता.
पहिल्या इस्पितळात सर्जन नाही.
दुसऱ्यात खाट नाही.
तिसऱ्याने विचारलं, पेशंटला जपानी येतं का?
मुलाने माझ्याकडे पाहिलं.
येतं, मी म्हटलं.
आम्हा दोघींचं मिळून
एका माणसाच्या अर्ध्या आजाराला पुरेल, एवढं येतं.

डब्यांच्या कारखान्यात आम्ही समोरासमोर उभ्या असतो.
ती भातावर खारवलेलं लाल फळ ठेवते, मी झाकण दाबते.
तिचे पणजोबा इथूनच बोटीने ब्राझीलला गेलेले,
म्हणून चेहरा अगदी इथला.
लोक तिच्याशी भराभर बोलतात, माझ्याशी सावकाश.
एरवी यावर आम्ही पोट धरून हसतो.
त्या रात्री पोट तिने वेगळ्याच कारणाने धरलं होतं,
आणि नर्स तिलाच विचारत होती, भराभर,
ॲलर्जी, जुनी ऑपरेशनं, शेवटचं कधी जेवलात,
आणि ती घामेजल्या बोटाने माझ्याकडे दाखवत होती.

डॉक्टर कोवळा. डोळ्यांखाली दोन रात्री.
दुखतंय म्हणजे नेमकं कसं?
झुकीझुकी?
चिकुचिकू?
शिकुशिकू?
कुठल्याच वर्गात हे शिकवलं नव्हतं मला,
पण कान चपापले. अरे, हे तर आमच्यासारखंच,
दुखणं इथेही दोनदोनदा बोलतं!
ठसठस, चुरचुर, भगभग,
कळ येते, चमक निघते, शूळ उठतो,
आत काहीतरी नुसतंच सलत राहतं.
एवढी पुरचुंडी बांधून आले होते मी घरून,
आणि त्यातलं एक नाणं इथे खपेना.

मग मी मूठ उघडली, मिटली. असं?
एडिनेयाने मान हलवली, नाही.
बोटाने तळहात टोचला. असं?
नाही.
तिने पलंगावरच्या चादरीचं टोक ओढलं
आणि दोन्ही हातांनी पिळलं,
ओलं धुणं पिळावं तसं, शेवटचा थेंब निघेतो.
पीळ! मी ओरडले, चक्क मराठीत.
किरिकिरी, डॉक्टर म्हणाला,
आणि पहिल्यांदाच काहीतरी लिहिलं.

आमच्याकडे किरकिर करतं ते रडकं पोर.
हिने एकदाही केली नव्हती.
तीन आठवडे ते लाल फळ
भाताच्या बरोब्बर मध्यावर पडत होतं.

पित्ताशयात खडे. सकाळी ऑपरेशन.
त्याआधी कागद, कागदांना जोडलेले कागद,
आणि एका ओळीत: जामीन राहणाऱ्याचं पेशंटशी नातं.
काउंटरवरच्या बाईने आमचे दोन चेहरे
एकदा मागे, एकदा पुढे पाहिले.
शक्यतो नातेवाईक लिहा, ती म्हणाली, अपराध्यासारखी.
शक्यतो कुणीच नव्हतं.
मी मैत्रीण लिहिलं. खाली माझा शिक्का,
ज्यावर मृणालची मुरिनारू झालीये.
तिने वर कुणाला तरी फोन केला.
बराच वेळ 'हो, हो' म्हणत राहिली.
मग कागद ठेवून घेतला.

सहा वाजता सुपरवायझरला कळवलं.
आजारी एक, मग गैरहजर दोघी कशा?
मी म्हटलं, किरिकिरी.
तो थांबला. त्याच्यामागे पट्टा सुरू झाल्याचा आवाज.
जपा, म्हणाला, आणि ठेवला.

लिफ्टच्या काचेत पाहिलं तर
सपाता उलटसुलट घातलेल्या,
डावी उजवीत, सबंध रात्र.